शिट्टीनंतर

११ फेब्रुवारी

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "भोंगा वाजला की नवरा आपला नसतो." लसूण सोलता सोलता म्हणाल्या, मानही वर केली नाही. दूध उतू जायला लागलं की गॅस बारीक करावा, तितक्या सहज. मी नवी नवरी. हसले.

त्यानंतर आगीचा भोंगा किती वेळा वाजला याला गणती नाही. हे प्रत्येक वेळी गेले आणि प्रत्येक वेळी परत आले, काळेठिक्कर, भुकेले आणि बोलायला उतावीळ. आगीवरून आले की हे बोलत सुटायचे. काय पेटलं, कोण घाबरलं, मास्तरांनी पंपाची नळी उलटी कशी लावली. मी पाणी तापवायचे आणि ऐकायचे. खरं सांगायचं तर आमचा संसार त्या गप्पांवरच उभा राहिला.

आता बोलत नाहीत. म्हणून ही वही आणली.

वर्षभर कमीच बोलत होते, पण आता कारण तरी कळलंय. परवाच्या सभेत मी हात वर केला. आमच्या गावाचा बंब सरकारी नाही, गावातलीच माणसं आपापला धंदा सांभाळून चालवतात. शहरातला बंब येईपर्यंत राखच उरते. ह्यांची लाकूड कापायची वखार, आणि दलाचे प्रमुखही हेच. सगळे ह्यांना दादा म्हणतात. शाळेतले मास्तर पंपावर. ह्यांच्यासोबत पाइप धरून आत जायला ठिणग्या. तो वेल्डर आहे, म्हणून हे नाव. खऱ्या नावाने त्याला त्याचे वडीलसुद्धा हाक मारत नसतील. आणि शिट्टी बेकरीवाल्याकडे होती. त्याचे गुडघे गेले, म्हणून ती सभा.

शिट्टी म्हणजे बाहेर उभं राहायचं. छप्पर, भिंती, धुराचा रंग यांच्यावरून नजर हलवायची नाही. काही कोसळणार असं वाटलं की एक लांब शिट्टी. ती ऐकली की आतल्यांनी हातातलं टाकून बाहेर यायचं, आणि एकदा ती वाजली की कोणी आत जायचं नाही, सख्खा भाऊ आत असला तरी. बंबघराच्या दारावर ह्यांनीच लाल रंगाने लिहिलंय: शिट्टीनंतर आत पाऊल नाही.

मास्तरांनी विचारलं, "कोण घेतंय?" सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. मी हात वर केला. शिवणकाम करते, नजर अजून सुईत दोरा एका झटक्यात घालते.

ठिणग्या म्हणाला, "आम्ही शिट्टी मारली तर मार खाऊ. वहिनींनी मारली तर सगळे धावत येतील."

सगळे हसले. हेसुद्धा हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. हे हसू मला माहीत आहे. मनात नसताना माणूस असा उशिरा हसतो.

घरी येताना हे दोन पावलं पुढे चालत होते. मी विचारलं, "राग आला का?" मागे वळूनही पाहिलं नाही.

१५ फेब्रुवारी

पहिला सराव. कोट माझ्या अंगावर बारदानासारखा लोंबतो. उद्या बाह्या आखूड करीन.

मी ह्यांना विचारलं, पाइप आत कुठवर जातो? शेजारीच उभी होते. उत्तर नाही. तेवढ्यात ठिणग्या आमच्या मध्ये येऊन ह्यांच्या तोंडासमोर उभा राहिला. "दादा, वहिनी विचारताहेत, पाइप कुठवर जातो?" मग ह्यांनी सांगितलं, नीट, सविस्तर. पण ठिणग्याकडे बघून.

माझ्या नवऱ्याशी बोलायला मला दलाल लागतो आता.

१९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. मी म्हटलं, बाबांशी बोल, आणि फोन ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी कानाला लावला, "हं, हं, बरं, ये," असं काहीतरी म्हणाले आणि लगेच परत दिला. "आईला सांग सगळं."

लेक म्हणाली, "अगं, मी बाबांना विचारलं की गुडघा कसा आहे. तर म्हणे, 'बरं, ये.' माझ्यावर चिडलेत का?"

"तुझ्यावर नाही, माझ्यावर."

"तू काय केलंस?"

"शिट्टी घेतली."

ती इतकी हसली की मलाही हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र घर फार मोठं वाटलं.

२६ फेब्रुवारी

माझी पहिली आग. रस्त्याकडेचं वाळकं गवत, कोणीतरी विडी टाकली असणार. मी वखारीत डबा द्यायला गेले होते, तेव्हा भोंगा झाला. हे करवतीशी होते. भोंग्याचा सूर चढतोय तोवर ठिणग्या मोटरसायकल घेऊन दारात. थेट आत शिरला, ह्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि दोघं निघाले. दर भोंग्याला असाच येतो म्हणे न्यायला. प्रमुखाला काय पालखी लागते?

मी मागून धावत जाऊन बंब गाठला. वाटेत हे काहीच बोलले नाहीत. पण माझ्या कोटाचं गळ्याजवळचं बटण उघडं होतं, ते ह्यांनी हात पुढे करून लावलं. त्या खडबडीत बोटांना बटण सापडेना. मी श्वास धरून बसले होते.

आग लवकर विझली. शिट्टीची गरज पडली नाही. मी दिवसभर त्या बटणाचाच विचार करत होते, या वयात.

५ मार्च

आज मन घट्ट करून बोलले. हे मोरीत तोंड धूत होते, मी मागे दारात उभी राहिले. म्हटलं, "तुमच्या मनात नसेल तर शिट्टी परत देते. दल तुमचं आहे, मला त्यात घुसायचं नव्हतं. फक्त बोला माझ्याशी. शिव्या द्या हवं तर."

नळ बंद झाला. ह्यांनी टॉवेल घेतला, तोंड पुसलं, वळले, मला दारात पाहून जरा दचकले. म्हणाले, "उद्या लवकर जायचंय. लाकूड येणार आहे."

एवढंच.

मी मशीनवर बसले आणि कोणाची तरी पँट उगाच दोनदा शिवली.

८ मार्च

सरावानंतर ठिणग्याला बाजूला घेतलं. आजही तो माझं प्रत्येक वाक्य ह्यांना नव्याने ऐकवत होता. म्हटलं, "माझं बोलणं माझ्या नवऱ्यापर्यंत पोचवायला मला कोणी लागत नाही. आमच्या दोघांत पडू नकोस."

त्याचा चेहरा उतरला. एरवी तोंडाचा पट्टा बंद नसतो त्याचा. "वहिनी, तसं नाही हो. दादांनी शपथ..." आणि जीभ चावली.

"कसली शपथ?"

"काही नाही. माझ्यावर काढा राग, चालेल. लोखंड आहे मी. तापतं, निवतं."

म्हणजे शपथ घालण्याइतकं काहीतरी माझ्याविषयी बोलणं झालंय ह्यांचं. ते मला नको, त्याला सांगतात.

१६ मार्च

ठिणग्या गेला.

हे दवाखान्यात आहेत. हात भाजलेत. जिवाला धोका नाही.

मला लिहिता येत नाही.

१८ मार्च

लिहिते. डोक्यात ठेवलं तर वेड लागेल.

पशुखाद्याचं गोदाम. भर दुपार. गोदामाला लागून घरांची ओळ, म्हणून आत शिरूनच आग अडवायला हवी होती. हे पुढे, पाइपचं तोंड ह्यांच्या हातात. मागे ठिणग्या. मास्तर पंपावर. मी समोरच्या चौथऱ्यावर, शिट्टी दातांत.

पाण्याचा जोर कमी झाला. दाराशी पाइपला पीळ पडला होता. तो सोडवायला ठिणग्या बाहेर आला, गुडघ्यावर बसला.

तेव्हाच मला छपराची कड दिसली. शिवण उसवायच्या आधी कापड कसं ताणतं, त्याला एक चकाकी येते, तशी पत्र्याची कड ताणलेली होती. मी शिट्टी फुंकली. लांब, छातीतली सगळी हवा जाईपर्यंत.

ठिणग्या उठला. बाहेर यायला त्याला एक पाऊलही टाकायचं नव्हतं, तो बाहेरच होता. त्याने दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याचे ओठ हलले, काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही. आणि तो आत गेला.

मी परत शिट्टी मारली. परत. परत. मास्तर ओरडत होते, "अरे गाढवा, बाहेर ये!" मग दारातून हे आले, कोणी ढकलून दिल्यासारखे, हात पुढे टाकून, गुडघ्यांवर पडले. त्यांच्या मागे छप्पर खाली बसलं. मोठा आवाज झाला नाही. कोणीतरी सुस्कारा सोडावा तसा.

तो आत का गेला? हे तर येतच होते. सगळ्यांत शेवटी निघायचं ही ह्यांची खोड आहे, एवढंच. शिट्टी सगळ्यांनी ऐकली, पार त्या टोकाच्या घरांतसुद्धा.

१९ मार्च

जिल्ह्याचा अधिकारी आला होता. मला विचारलं, मी पाहिलं ते सांगितलं: शिट्टी झाली, मग तो आत गेला. प्रत्येक शब्द खरा. ह्यांच्या खाटेजवळ खुर्ची ओढून त्याने विचारलं, "शिट्टी झाल्यावर तुम्ही लगेच निघालात ना?" हे त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले आणि मान हलवली.

अधिकाऱ्याने वही मिटली. "हुकूम मोडून आत गेला, बिचारा," म्हणाला.

२० मार्च

आज त्याला नेलं.

दलातला माणूस दलाच्या कामावर असताना वारला की त्याला बंबावरून न्यायचं, ही आमची रीत. सासरेही दलातच होते, त्यांना तसंच नेलं होतं. बंब धुऊन पुसून ठिणग्याच्या घरासमोर उभा होता. ठिणग्याला बाहेर आणलं. हे दवाखान्यातून थेट आलेले, बंबासमोर उभे, हात पट्ट्यांत बांधलेले, पाठ आमच्याकडे.

मास्तरांनी मागून विचारलं, "दादा, बंबावरून न्यायचं ना त्याला?"

हे हलले नाहीत.

"दादा? चढवायचं ना?"

काही नाही. नुसते बंबाच्या दिव्याकडे बघत राहिले. बेकरीवाल्याने मास्तरांची बाही ओढली. हळूच म्हणाला, "राहू द्या. शिट्टी मोडली त्याने. नियम त्यांचाच आहे, त्यांच्या तोंडून कशाला नाही म्हणवताय?"

मग दूधवाल्याचा टेम्पो आणला. कॅन उतरवून ठेवायला थोडा वेळ लागला. ठिणग्याचे वडील, आमचे जुने पोस्टमन, आम्ही त्यांना टपालकाका म्हणतो, ते एकेका कॅनकडे बघत उभे होते.

टेम्पो सुरू झाल्यावर हे वळले. चेहरा असा, की काय चाललंय ते समजत नाहीये. मग मान खाली घालून टेम्पोमागे चालू लागले.

मी इतकी वर्षं एका दगडाबरोबर झोपत होते.

२३ मार्च

किराणा दुकानात ऐकलं. "पोरगा आगाऊच होता. सारखी मस्करी. मस्करीची कुस्करी झाली." दुसरी म्हणाली, "दादा वाचले हे नशीब. ह्याच्यापायी तेही गेले असते." मी आत शिरले तशा दोघी डाळींचे भाव विचारायला लागल्या.

परत येताना टपालकाका ओट्यावर बसलेले. मला हाक मारली. "तू समोर होतीस ना गं. त्याला काय वाटलं असेल? का गेला परत?"

मी म्हटलं, माहीत नाही, काका.

"लहानपणापासून सांगितलेलं ऐकायचा, बरं का. टवाळ होता, पण ऐकायचा."

२५ मार्च

आज ह्यांनी आपणहून तोंड उघडलं. मी ताट वाढत होते. म्हणाले, "त्याला बंबावरून का नाही नेलं? कोणी ठरवलं?"

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. म्हटलं, "तुम्हीच."

हे माझ्या तोंडाकडे बघत होते. "मी?"

"मास्तरांनी दोनदा विचारलं. मागेच तर उभे होते. तुम्ही तोंड उघडलं नाहीत."

ह्यांनी ताट बाजूला सारलं. पायरीवर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत बसून होते. वखार अजून बंदच आहे.

दुःखात माणसाला काही आठवत नाही म्हणतात. तसंच असेल.

२८ मार्च

सकाळी धुणं वाळत घालत होते. हे अंगणात, माझ्याकडे पाठ, कुऱ्हाडीला धार लावत होते. पट्ट्या सुटल्यात, बोटं अजून लाल आहेत.

भोंगा झाला. बंबघर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. भोंगा झाला की आमच्या खिडकीची तावदानं थरथरतात, शेजारचा कुत्रा गळा काढतो. आजही काढला.

हे धार लावत राहिले.

मला वाटलं, आता उठतील. दगडावर पातं घासलं, उलटं केलं, अंगठ्याने धार पाहिली, परत घासलं. भोंगा चढत गेला. मी ओली चादर हातात धरून उभी. न्यायला येणारा कोणी नव्हता आता. दारात मोटरसायकल नव्हती.

आणि मग माझ्या आत एकेक गोष्ट खाली बसत गेली, त्या छपरासारखी. मोरीतलं बोलणं. लेकीचा फोन. उशिरा आलेलं हसू. मध्ये येऊन उभा राहणारा ठिणग्या. बंबासमोरची ती पाठ.

मी जाऊन ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हे वळले. माझा चेहरा पाहिला. मी काही बोलले नाही, बंबघराकडे बोट केलं. ह्यांच्या डोळ्यांत जे आलं, ते मी लग्नापासून कधी पाहिलं नव्हतं. चोरी पकडलेल्या मुलाच्या डोळ्यांत येतं ते. मग कुऱ्हाड टाकून धावले.

गवताची गंज पेटली होती. मी शिट्टी मास्तरांकडे दिली आणि ह्यांच्या मागे उभी राहिले. वारा फिरला तेव्हा ह्यांच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. हे लगेच मागे आले, विचारलंसुद्धा नाही. तसं ठरलेलं असणार त्या दोघांचं.

२९ मार्च

आज समोर बसवलं. सावकाश बोलले, तोंड नीट उघडून. ह्यांनी सगळं सांगितलं.

करवतीने कान खाल्ले. आधी पाखरं गेली, मग फोन, मग माणसं. समोर असलं की ओठांवरून बरंच कळतं. मागून काहीच नाही. ठिणग्याच्या लक्षात आलं होतं. ह्यांनी त्याला शपथ घातली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रात्री दिवा घालवल्यावर बोलायचीस. तेव्हा मला तुझं तोंड दिसायचं नाही. कसं सांगू, की मी काहीच ऐकत नाहीये?"

मला रडायला वेळ नव्हता. विचारलं, गोदामात काय झालं?

"पाणी गेलं. मी वाट बघत उभा. कोणीतरी मागून धरलं, फिरवलं आणि ढकललं. तो माझ्या तोंडासमोर ओरडत होता, धुरात दिसलं नाही काय ते. मी बाहेर पडलो. मला वाटलं, तो मागेच आहे."

"म्हणजे तो तुम्हाला आणायला आत आला."

हे काही बोलले नाहीत. या वेळी ऐकू आलं होतं.

मी म्हटलं, लोक त्याला आगाऊ म्हणतात. हुकूम मोडला म्हणतात. ह्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावर धरले. "त्या साहेबाने काय विचारलं ते मला नीट कळलं नव्हतं. मान हलवली. नंतर मास्तरांच्या बोलण्यावरून कळलं. तोवर उशीर झाला होता."

"उशीर कसला?"

"सांगितलं तर मी बंबावर राहीन का? मी नाही, तर आत कोण जाणार? मास्तर? बेकरीवाला? बंब गंजेल. पुढची आग लागेल तेव्हा गाव काय थुंकून विझवणार?"

ते खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

मग माझा हात धरला. "तू आहेस ना आता. तू थाप मार. दोघांचं जमेल आपलं."

४ एप्रिल

कबूल करते, हे दिवस बरे चाललेत. लाज वाटते लिहायला. मी बोलायला लागले की हे हातातलं सोडून माझ्या तोंडाकडे बघतात. इतकं कोणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, ह्यांनीसुद्धा. रात्री दिवा चालू ठेवतो. मी बोलते, हे ओठ वाचतात, चुकतात, आम्ही हसतो. काल मी म्हटलं, "मशीनचा पट्टा बदलायचाय," तर म्हणाले, "मावशी कधी येणार आहेत?" हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

माझा नवरा मला परत मिळाला. कोणाच्या जिवावर, ते दोघांनाही माहीत आहे. त्यावर आम्ही बोलत नाही.

टपालकाकांच्या गल्लीतून जाणं मी बंद केलंय. लांबून वळसा पडतो.

९ एप्रिल

दुपारी काकाच आले. हातात ठिणग्याचे बूट, कामाचे, दलाने दिलेले. गोदामाला जाताना तो घाईत दुसरे घालून गेला होता. चकचकीत केले होते. दोऱ्यासुद्धा धुतलेल्या.

हे खिडकीशी बसले होते, बाहेर बघत, पाठ दाराकडे. काकांनी बूट उंबऱ्याच्या आत ठेवले. म्हणाले, "दलाचे आहेत. दलाकडे असावेत. आमच्या घरात शोभत नाहीत आता."

मी म्हटलं, "काका, बसा. पाणी आणते."

"नको गं." मग ह्यांच्या पाठीला म्हणाले, "दादा, माझ्या पोराने तुमचा नियम मोडला. चुकलंच त्याचं. तुमच्याही जिवाशी आलं होतं. त्याच्या वतीने मी माफी मागतो. मनात ठेवू नका."

ह्यांनी खिडकीबाहेर काहीतरी पाहिलं, मान जराशी वाकडी केली.

काका थांबले. उत्तराची वाट बघणारा म्हातारा माणूस किती लहान दिसतो. मी एका पावलावर होते. खांद्यावर हात ठेवला असता तर हे वळले असते. ठिणग्या असता तर मध्ये येऊन उभा राहिला असता. म्हणाला असता, दादा, काका माफी मागताहेत. माझे पाय हलले नाहीत. हे वळले आणि तरीही गप्प राहिले, तर? ते मला बघायचं नव्हतं.

"बरं," काका म्हणाले. "बरोबर आहे त्यांचं." आणि गेले.

हे वळले तेव्हा दार रिकामं होतं. बूट दिसले. विचारलं, "कोण आलं होतं?"

मी सगळं सांगितलं, शब्द न शब्द, ओठ मोठे करून. हे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मी नाही जाऊ शकत तिकडे. परत तो विषय काढू नकोस." आणि वखारीत गेले. थोड्या वेळाने करवत सुरू झाली. कितीतरी दिवसांनी.

१० एप्रिल

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मी स्वतः जाऊन काकांना का सांगत नाही, हे विचारत होते स्वतःला. उत्तर असं आहे की मी सांगितलं तर ती बायकोने फोडलेली गोष्ट होईल, गाव कुजबुजेल, आणि काका पुन्हा ह्यांच्या तोंडून यायची वाट बघतील. हे कारण खरं आहे. दुसरं कारण हे, की मी सांगितलं तर हे मला कधी माफ करणार नाहीत, आणि माझ्याकडे बघायचे थांबतील. तेही खरं आहे, आणि ते जास्त जड आहे.

पण त्या मुलाला दुधाच्या टेम्पोतून नेलं. आणि त्याच्या बापाने माफी मागितली, ती आमच्या घरात पडून आहे. ती परत द्यायला हवी.

हे उठलेत. बाहेर चूळ भरल्याचा आवाज येतोय. ही वही ठेवून मी समोर जाणार आहे, उजेडात, जिथे माझं तोंड नीट दिसेल अशी. हे नाही म्हणतील. काल म्हणालेच आहेत. आधी चिडतील, मग बंबाचं काय, गावाचं काय म्हणतील, मग माझा हात धरतील, आणि त्या हाताला नाही म्हणणं मला अजून जमलेलं नाही. बहुधा पाठ फिरवतील. मग मी कितीही बोलले तरी संपलंच. म्हणून वाक्य छोटं ठरवलंय, पाठ फिरवायच्या आत पुरं होईल एवढं:

अहो, काकांकडे चला, आणि तो तुम्हाला आणायला आत आला होता, हे तुमच्या तोंडाने सांगा.